डी अँझाला घरून अप-डाउन करायचं असेल तर

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारामधल्या एका आईचा प्रश्न आहे: मुलाने घरी राहून जवळच्या कॉलेजात शिकावं का, आणि ते दोन वर्षांत होईल का? मुलगा १८ वर्षांचा, इथल्याच हायस्कूलमधून यंदा बारावी झाला. मार्क चांगले आहेत, पण यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, ज्या तीन ठिकाणी त्याने कॉम्प्युटर सायन्स मागितलं होतं तिथून तिन्ही नकार आले. एका खासगी विद्यापीठाने प्रवेश दिलाय, पण तिथला वर्षाचा खर्च ऐकून छातीत धडकी भरते. मुलगा म्हणतो, ‘मी डी अँझाला जातो, घरीच राहीन, दोन वर्षांनी ट्रान्सफर घेईन.’ डी अँझा हे कम्युनिटी कॉलेज, म्हणजे सगळ्यांना प्रवेश देणारं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज; तिथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाणं म्हणजे ट्रान्सफर. त्याच्या बाबांचं म्हणणं, ‘जिथे कुणालाही घेतात तिथे काय शिकवणार?’ आणि पुण्याहून दर रविवारी फोनवर एकच विचारणा: कुठे मिळाली ॲडमिशन?

ताई, मी बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात २१ वर्षं समुपदेशक होते. तुमच्या मुलासारखी मुलं आणि तुमच्यासारखे आईवडील हेच माझं रोजचं काम होतं. आधी बाबांच्या प्रश्नाकडे वळते. ती शंका घरात तशीच राहिली तर मुलगा दोन वर्षं मान खाली घालून जेवेल, आणि त्याचं माझ्या पाहण्यातलं नुकसान फार मोठं आहे.

आपल्याकडे कॉलेजचा दर्जा प्रवेशाच्या दारावर ठरतो. कट-ऑफ लागतो, यादी लागते, यादीत नाव आलं की निम्मी लढाई जिंकली. त्यामुळे ‘सगळ्यांना प्रवेश’ ऐकलं की डोक्यात लगेच येतं, म्हणजे उरलेल्यांचं कॉलेज. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला त्यातला हिशोब निराळा होता. क्लार्क केर तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अध्यक्ष होते. ठरलं असं: हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी यूसी, वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट कॉलेजं, म्हणजे आजची सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी). आणि शिकू इच्छिणाऱ्या बाकी सगळ्यांसाठी दोन वर्षांची कॉलेजं. त्यातलं महत्त्वाचं कलम पुढचं होतं: दोन वर्षं नीट केलेल्याला यूसी आणि सीएसयूच्या तिसऱ्या वर्षात जागा. चाळणी काढून टाकली नाही, दोन वर्षं पुढे सरकवली. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत.

बाबांना एकच उदाहरण द्या. त्यांच्या मित्रांत असा एक तरी निघेलच, ज्याने दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आला. वर्कशॉपमध्ये आणि ड्रॉइंगला तो इतरांच्या पुढे असायचा. डिग्री सगळ्यांची एकच, तिच्यावर डिप्लोमाचा शिक्का नसतो. इथली ट्रान्सफर तशीच, फक्त तिसऱ्या वर्षाला. मुलगा यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला गेला तर पदवी डेव्हिसची.

आता शिकवण्याबद्दल. या कॉलेजांत शिकवायला बहुतेक विषयांत त्या विषयाची मास्टर्स लागते, आणि शिक्षकाची नेमणूक शिकवण्यासाठीच असते, संशोधन केलं नाही म्हणून त्याची नोकरी अडत नाही. यूसीत पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस शेकडो मुलांच्या सभागृहात चालतं आणि शंका विचारायच्या त्या पीएचडी करणाऱ्या सहायकाला. इथे वर्गात तीस-चाळीस मुलं, फळ्यापाशी शिक्षक, आणि तुमचा पेपरही तोच तपासतो. दार सगळ्यांना उघडं आहे म्हणून आतलं कॅल्क्युलस सोपं केलेलं नाही. डी अँझाचा कॅल्क्युलसचा पहिला कोर्स, मॅथ १ए, पाच युनिटचा आहे; युनिट म्हणजे कोर्सचा भार मोजायचं माप, साधारण आठवड्याला वर्गातला एक तास. सेमिस्टरऐवजी इथे क्वार्टर असते, शैक्षणिक वर्षात तीन. ती अकरा आठवड्यांची, बाराव्यात परीक्षा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली चाचणी येते तेव्हा हायस्कूलमध्ये पुस्तक न उघडता ए मिळवणारी मुलं माझ्या केबिनमध्ये यायची, चेहरा पांढरा पडलेला.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण हे गणित तुम्ही केलंच असेल. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला डी अँझात क्वार्टरच्या एका युनिटला ३१ डॉलर पडतात. सेमिस्टरवाल्या कॉलेजांत, उदाहरणार्थ सांता क्लारातल्याच मिशन कॉलेजात, ४६ डॉलर. म्हणजे ते पाच युनिटचं कॅल्क्युलस १५५ डॉलरला. वर्षाला ४५ युनिट घेतले तर १,३९५ डॉलर आणि वर किरकोळ फिया. यूसीची ट्यूशन आणि फी मिळून रहिवाशालाही वर्षाला १४ हजारांच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. पहिल्यांदा कॉलेजात येणाऱ्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या रहिवासी मुलांची हीसुद्धा फी दोन वर्षं माफ करण्याची सोय राज्याने २०१७ आणि २०१९ च्या कायद्यांनी केली आहे. मुलगा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरा, ‘आमचं उत्पन्न जास्त आहे, काय मिळणार’ म्हणून सोडून देऊ नका. वेळापत्रक बघताना ज्या वर्गांपुढे पुस्तकाचा खर्च शून्य अशी खूण असते ते आधी बघा. अशी खूण दाखवणं कॉलेजांवर बंधनकारक आहे, आणि एकेक पुस्तक फीपेक्षा महाग पडतं.

तुमच्या प्रश्नात व्हिसाबद्दल काही नाही, पण आपल्या घरांत तो विषय असतोच. एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलाला शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवर दिसत असेल, तर एच-४ वर असूनही रहिवाशाचा दर मिळू शकतो. केंद्र सरकारची मदत मात्र मिळत नाही. आणि ग्रीन कार्डाची रांग लांबली असेल तर २१ वा वाढदिवस डोक्यात ठेवा. त्या दिवशी तो तुमच्या व्हिसावरून उतरतो, एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यायची वेळ येते, आणि नेमकी तीच ट्रान्सफरची धामधूम असते. वकिलाशी आणि ॲडमिशन ऑफिसशी हे बोलणं पहिल्या वर्षीच करा. फेब्रुवारीत यूसीच्या उत्तराची वाट बघत असताना हा कागद पुढे आला की घर हादरतं. मी अशी घरं पाहिली आहेत.

आता मुख्य विषय, म्हणजे घरून येणं-जाणं.

कम्युनिटी कॉलेजात मूल बुडतं ते अभ्यास झेपला नाही म्हणून क्वचितच. बुडतं ते कॉलेजात न राहिल्यामुळे. मुलगा साडेनवाला येतो, तास करतो, साडेअकराला गाडीत बसतो. त्याला वर्गातल्या एकाचंही नाव ठाऊक नसतं. शिक्षकाचे ऑफिस अवर्स, म्हणजे जाऊन शंका विचारायची वेळ, कुठल्या खोलीत असतात हे माहीत नसतं. एक तास बुडला तर वही कुणाची मागायची? दोन बुडले की तिसऱ्याला जायची लाज वाटते. आणि गेला नाही तर कुणाला पत्ताही लागत नाही, कारण तो तिथे होता हेच कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. वसतिगृहातल्या मुलाला निदान रूममेट तरी हलवून उठवतो.

एक मुलगी आठवते. मराठी नव्हे, पण आपल्यासारख्याच घरातली. हुशार, सरळ. हिवाळी क्वार्टरमध्ये तिने एक विषय सोडला आणि दुसऱ्यात डी आला. मी विचारलं, ‘दोन तासांच्या मधल्या वेळात कुठे असतेस?’ म्हणाली, ‘गाडीत.’ आई पहाटे उठून स्टीलच्या डब्यात पोळीभाजी द्यायची, आणि तो डबा ती सबंध क्वार्टर पार्किंगमध्ये काचा वर करून खात होती. भाजीचा वास येईल, कुणी बघेल, म्हणून. दीड-दीड तास. सीट मागे करून फोन बघायचा आणि पुढच्या तासाला जायचं. लायब्ररी तिथून चार मिनिटांवर होती. शिकवणी केंद्र, जिथे पुढची मुलं फुकट गणित समजावून देतात, ते लायब्ररीच्या शेजारीच. दोन्ही ठिकाणी ती कधी गेली नव्हती.

मी तिला अभ्यासाबद्दल काही सांगितलं नाही. इतकंच म्हटलं, उद्यापासून डबा शिकवणी केंद्राबाहेरच्या बाकावर खा, तिथे सगळेच खातात. पुढच्या क्वार्टरला तिने तोच विषय पुन्हा घेतला आणि बी मिळवला. तीन मुलींचा त्यांचा गट झाला होता. पुढे त्या तिघी एकाच वर्षी ट्रान्सफर झाल्या.

म्हणून वेळापत्रक लावताना मी सगळ्यांना उलटा सल्ला देत आले. मुलं सगळे तास दोन दिवसांत कोंबतात, म्हणजे बाकी दिवस सुट्टी. किंवा सलग लावतात, म्हणजे एकला मोकळे. असं करू नका. दोन तासांच्या मध्ये दीड-दोन तासांची मोकळी जागा मुद्दाम ठेवा आणि ती कॉलेजातच घालवा, असा घरात नियम करा. आठवड्यातून निदान चार दिवस आवारात. सगळे वर्ग ऑनलाइन घ्यायचा मोह तर पहिल्या वर्षी पूर्ण टाळा. एखादा घ्या, पण गणित आणि प्रोग्रामिंग समोरासमोरच. हिशोब असा असतो की वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास. १५ युनिट म्हणजे आठवड्याला ४५ तासांचं काम, पूर्ण नोकरीइतकं. ते ४५ तास कुठे बसून होणार हे क्वार्टर सुरू होण्याआधी कागदावर मांडा.

आता, ताई, तुम्हाला थोडं बोलते. रागावू नका.

मूल दुसऱ्या गावी शिकायला गेलं की घर त्याला विद्यार्थी मानतं. परीक्षा आहे म्हटलं की आपण फोनसुद्धा जपून करतो. तेच मूल घरी राहून शिकायला लागलं की ‘तो घरीच आहे ना’ सुरू होतं. धाकटीला शाळेतून आणायचं, तो घरीच आहे ना. आजीला डॉक्टरकडे न्यायचं, प्लंबर येणार आहे, पटेल ब्रदर्समधून कोथिंबीर आणायची, तो घरीच आहे ना. प्रत्येक काम अर्ध्या तासाचं, नकार देण्यासारखं एकही नाही. मी एका मुलाला सांगितलं होतं, एक आठवडा सगळं लिहून ठेव. शुक्रवारी त्याने कागद आणला, १७ तास निघाले. त्याची आई शेजारच्या खुर्चीत होती. तिने तो कागद दोनदा वाचला, आणि पर्समध्ये घालून घरी नेला.

घरकाम करू नये असं मी म्हणत नाही. करावंच. पण वार ठरवून करावं. सोमवार आणि बुधवार धाकटीला आणणं त्याचं, बाकी दिवस तुमचं किंवा बाबांचं, आणि परीक्षेच्या दोन आठवड्यांत त्याचं काहीच नाही. अमुक वाजेपर्यंत तो कॉलेजात आहे म्हणजे तो गावाला गेला आहे असं समजा. त्याच्या नोकरीचंही तेच. पहिल्या क्वार्टरला आठवड्याला दहा-बारा तासांहून जास्त नको, आणि शक्य असेल तर कॉलेजच्याच लायब्ररीत किंवा शिकवणी केंद्रात. पगार मॉलमधल्यापेक्षा फार निराळा नसतो आणि पोरगं आवारात राहतं.

ट्रान्सफर ही दोन वर्षांनंतरची गोष्ट आहे असं समजून मुलं निवांत असतात. तारखा पाहिल्या की घाम फुटतो. तुमचा मुलगा सप्टेंबरच्या शेवटी सुरू करेल. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये, म्हणजे दुसरं वर्ष नीट सुरूही झालेलं नसताना, टॅगचा अर्ज असतो. टॅग म्हणजे यूसीच्या सहा ठिकाणांपैकी एका ठिकाणी प्रवेशाची लेखी हमी: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. सहांपैकी एकच निवडता येतं. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत, तिथे अर्ज करता येतो, पण स्पर्धेत. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि जानेवारीत शरद क्वार्टरचे मार्क कळवायचे. म्हणजे अर्ज करताना हातात असतात ते फक्त पहिल्या वर्षाचे मार्क. पहिली क्वार्टर रुळायला गेली, दुसरीत एक विषय सोडला, तिसरीत शहाणपण आलं, अशी गोष्ट झाली तर त्या जीपीएवर, म्हणजे चारपैकी मोजल्या जाणाऱ्या सरासरी गुणांवर, काय मागणार?

कॉम्प्युटर सायन्सबद्दल तर स्पष्टच सांगते. काही ठिकाणी या विषयाला किंवा सबंध इंजिनिअरिंग शाखेलाच टॅग नाही, आणि जिथे आहे तिथे जीपीएची अट इतर विषयांपेक्षा वर असते. अटी दरवर्षी बदलतात, त्या जुलैत नव्याने वाचायच्या. सीएसयूसाठी वेगळा मार्ग आहे, २०१० च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरची असोसिएट पदवी. ती हाती असली की सीएसयूमध्ये तिसऱ्या वर्षाला जागेची हमी मिळते, पण सीएसयूत कुठेतरी. सॅन होजे स्टेटलाच आणि कॉम्प्युटर सायन्सलाच मिळेल असा त्याचा अर्थ नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे दरवर्षी मे महिन्यात रडारड होते.

त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्याला असिस्ट नावाच्या राज्याच्या संकेतस्थळावर बसवा. डी अँझा, हवं ते विद्यापीठ आणि विषय निवडला, की समोर यादी येते: तिथल्या अमुक कोर्ससाठी इथला तमुक चालतो. चार-पाच विद्यापीठांच्या याद्या छापून शेजारी ठेवा आणि सगळीकडे लागतं ते आधी लावा. तुम्हाला दिसेल की गणिताची एक लांब साखळी आहे. डी अँझात मॅथ १ए, १बी, १सी, १डी, मग डिफरन्शियल इक्वेशन्सचा २ए, लिनिअर अल्जिब्राचा २बी, शिवाय डिस्क्रीट. एक कडी पास झाल्याशिवाय पुढची मिळत नाही. पहिल्या क्वार्टरला १ए मिळाला नाही तर सगळी साखळी तीन महिने मागे, आणि दोन वर्षांची अडीच-तीन होतात. त्याने हायस्कूलमध्ये एपी कॅल्क्युलस, म्हणजे कॉलेजच्या दर्जाचा परीक्षेसह विषय, केलं असेल तर तो स्कोअर कॉलेजकडे आजच पाठवा, थेट १बी किंवा पुढचा मिळू शकतो. साखळी मध्येच तोडून उरलेली सेमिस्टरवाल्या कॉलेजात करू नका. चार क्वार्टरचं कॅल्क्युलस आणि तीन सेमिस्टरचं कॅल्क्युलस यांचे तुकडे एकमेकांना जुळत नाहीत, आणि मधले धडे निसटतात.

गणित-इंग्रजीच्या प्रवेशपरीक्षेची काळजी नको. पूर्वी मुलांना चाचणी घेऊन खालच्या वर्गांत बसवायचे, आणि कितीतरी जण क्रेडिट न मिळणाऱ्या त्या वर्गांतच वर्षभर अडकून निघून जायचे. ते बघताना फार वाईट वाटायचं. २०१७ च्या कायद्याने ते थांबलं, आता हायस्कूलचे मार्क बघून थेट वरच्या वर्गात घेतात.

नोंदणीच्या बाबतीत दोन गोष्टी. नवीन विद्यार्थ्याने ओरिएंटेशन केलं आणि शैक्षणिक आराखडा बनवला की त्याचा नोंदणीचा दिवस लवकर येतो. जूनमध्ये उरकायचं हे काम मुलं ऑगस्टवर ढकलतात, आणि तोवर सकाळचे सगळे १ए भरलेले असतात. दुसरं, पहिल्या तासाला हजर राहणं. पहिल्या दिवशी न आलेल्याचं नाव शिक्षक काढून टाकू शकतात, आणि ती जागा वेटलिस्टवर असूनही येऊन बसलेल्याला देतात. माझी कितीतरी मुलं वेटलिस्टवर बाराव्या नंबरला असून वर्गात शिरली, केवळ पहिले दोन दिवस भिंतीला टेकून उभी राहिली म्हणून.

एखादा विषय खरंच हाताबाहेर गेला तर? आपल्या डोक्यात एटीकेटी असते, पुढच्या वेळी काढू. इथे तसं नाही. ठरलेल्या तारखेच्या आत सोडला तर नोंदच राहत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू, म्हणजे मध्येच सोडल्याची नोंद, लागतो. तीही तारीख गेली तर जो मार्क येईल तो कायमचा. एकदा सी किंवा वर मिळाला की तो विषय मार्क सुधारायला पुन्हा घेता येत नाही, आणि डी, एफ किंवा डब्ल्यू आला तर सगळे मिळून तीनच प्रयत्न. एक डब्ल्यू कुणाचं आयुष्य बिघडवत नाही, पण गुपचूप ओढत नेलेला एफ बिघडवतो. या दोन्ही तारखा फ्रीजवर चिकटवा आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की, विषय सोडावा लागला तर घरात आरडाओरडा होणार नाही. घरच्यांच्या भीतीने तारीख टळू दिलेली मुलं मी मोजायची सोडून दिली होती.

तुम्हाला कॉलेजात फोन करून त्याचे मार्क विचारता येणार नाहीत. १९७४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याची माहिती त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांनाही देत नाहीत, मग तो १७ चा असो की २० चा. मी कितीतरी आयांना फोनवर ‘मला सांगता येणार नाही’ म्हटलंय आणि पलीकडचा हुंदका ऐकलाय. यावर उपाय घरातच आहे. क्वार्टरच्या चौथ्या आणि आठव्या आठवड्यात अर्धा तास एकत्र बसायचं, तो स्वतः स्क्रीन दाखवेल, तुम्ही फक्त बघाल. मधल्या काळात विचारणा नाही. हा करार जिथे पाळला गेला तिथे मुलं खोटं बोलली नाहीत.

समुपदेशकाकडे त्याने पहिल्या क्वार्टरमध्येच जायला हवं, आणि नंतर दर क्वार्टरला एकदा. आमच्याकडे गर्दी असते, वेळ थोडा असतो. असिस्टच्या याद्या आणि तीन प्रश्न लिहून आणणाऱ्या मुलाबरोबर अर्ध्या तासात दोन वर्षांचा आराखडा होतो. ‘काय घेऊ?’ म्हणत रिकाम्या हाताने आलेल्याचा अर्धा तास नुसतं लॉगिन करण्यात जातो. एकाच समुपदेशकाची वेळ पुन्हा पुन्हा घ्यायची, म्हणजे कॉलेजात निदान एका मोठ्या माणसाला त्याचं नाव माहीत असेल.

दोन वर्षांत होईल का, हेही तुम्ही विचारलं आहे. कॉम्प्युटर सायन्सला तीन लागली तर ते अपयश धरू नका. गणित, फिजिक्स, प्रोग्रामिंग आणि सामान्य शिक्षणाचे विषय मिळून भार खरोखर मोठा आहे. यूसीला जाताना ९० क्वार्टर युनिट लागतात, आणि पहिल्या दोन वर्षांच्या दर्जाचे १०५ पर्यंतच मोजले जातात. जास्त झाले तर वाया जात नाहीत, विषयाचं श्रेय मिळतं, पण युनिट वाढत नाहीत. तीन वर्षं आणि साडेतीनच्या वर जीपीए हे मी दोन वर्षं आणि अडीचपेक्षा कधीही घेईन.

एका परिस्थितीत मात्र मी तुम्हाला हा मार्ग सुचवणार नाही. घरात कायम ताण असेल, मुलाला खोलीचं दार लावून बसायची सोय नसेल, किंवा त्याला मनापासून बाहेर पडायचं असेल आणि तो केवळ पैशांसाठी हो म्हणत असेल, तर सीएसयूच्या दूरच्या कॅम्पसचा विचार करा. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. तो स्वतः म्हणतोय, आणि ट्रान्सफरसकट म्हणतोय. म्हणजे त्याने शोधाशोध केलेली आहे.

राहिलं पुणं. फोनवर ‘सध्या इथेच जवळच्या कॉलेजात’ असं आवाज उतरवून सांगू नका. तो पलीकडच्या खोलीत ऐकत असतो. ‘डी अँझा कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स, दोन वर्षं इथे आणि मग यूसी’ असं पूर्ण वाक्य सांगा. कुणी नाव ऐकलं नाही म्हणालं तर ॲपलचे स्टीव्ह वॉझ्निअॅक तिथे शिकून मग बर्कलीला गेले हे सांगायला हरकत नाही, तो पत्ता एकदा टाकून विषय संपवा. बाबांनी मात्र त्याच्याबरोबर एकदा आवारात जाऊन यावं. वर्ग चालू असतील अशा दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास. लायब्ररीत बसलेली मुलं, गणिताच्या शिकवणीची टेबलं, शिक्षकांच्या दारांवरचे ऑफिस अवर्सचे कागद बघावेत. माझ्या बोलण्याने जे होणार नाही ते त्या एका तासात होईल.

आणि गाडीचं म्हणाल तर पहिल्या वर्षी घेऊ नका. स्टीव्हन्स क्रीक रस्त्यावरून २३ नंबरची बस थेट डी अँझाला जाते. गाडी दाराशी असली की तास संपताच घर आठवतं, आणि दुपारी तुम्हालाही धाकटीची शाळा आठवते. बसने जाणारा मुलगा बस येईपर्यंत कुठेतरी बसतो, आणि बसतो तेव्हा वही उघडतो. स्टीलचा डबा द्याच. मोठा द्या, दोघांना पुरेल असा.